शर्यत एवढीच का?

(संस्थेच्या वार्षिक क्रीडा-पारितोषिक समारंभात जळगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बक्षिसे वाटून झाल्यावर भाषण ठेवले म्हणजे काय होते, हे मी दहा-बारा वर्षांच्या नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे. ज्याला बक्षीस मिळाले तो ढाल उलटीपालटी करून पाहण्यात गुंग असतो आणि ज्याला मिळाले नाही त्याला घर आठवते. म्हणून मी अध्यक्षसाहेबांना विनंती केली होती की, भाषण आधी ठेवावे. त्यांनी ती मान्य केली. बक्षिसे अजून टेबलावर आहेत, तेव्हा आपण कोणी उठणार नाही अशी मला आशा आहे.

मला विषय दिला होता 'खेळ आणि शिक्षण'. हा विषय निबंधाच्या वहीत शोभतो. मी त्यावर उपदेश करणार नाही. एका धावपटूची हकिकत सांगणार आहे आणि तिच्या मध्येच माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. धुळ्याहून एस.टी.ने येताना पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत मी हाच विचार करीत होतो की, ती चूक पालकांसमोर सांगावी की सांगू नये. सांगावी असे ठरवून आलो आहे.

सुरुवात मात्र फार दूरच्या मुलखातून करतो. बर्फ म्हटला की आपल्या खानदेशात गोळ्याच्या गाडीवरचा बर्फ डोळ्यांसमोर येतो. युरोपच्या उत्तरेला नॉर्वे नावाचा देश आहे, तेथे वर्षातले कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते. तेथील लोक पायांना लांब पट्ट्या बांधून त्यावरून घसरत चालतात. या पट्ट्यांना स्की म्हणतात. स्कीचा एक खेळ आहे, त्याचे नाव नॉर्डिक कंबाइंड. या खेळात एकाच माणसाने दोन कामे करावयाची असतात. आधी उंच उतारावरून मोटारीच्या वेगाने घसरत यायचे आणि कड्याशी पोचताच हवेत झेप घ्यायची. ही झेप शंभर मीटरच्या आसपास जाते, म्हणजे आज सकाळी आपली लहान मुले जेवढे धावली तेवढे अंतर हा गडी हवेतून जातो. मग त्याच पट्ट्यांवर चढउताराच्या बर्फातून लांब पल्ल्याची शर्यत. पूर्वी ती १५ किलोमीटरची असे, पुढे १० किलोमीटरची झाली.

यात अवघड काय आहे? झेप घेणारा अंगाने काडीसारखा हलका असावा लागतो आणि क्षणात उसळणारा असावा लागतो. लांब पल्ल्याला छाती लागते, दम लागतो, दुखणे सोसण्याची सवय लागते. शरीराच्या या दोन मागण्या एकमेकींशी भांडतात. पूर्व जर्मनीचा उलरिख वेलिंग याने हा खेळ १९७२ साली जपानमध्ये सापोरोला, १९७६ साली इन्सब्रुकला आणि १९८० साली अमेरिकेत लेक प्लॅसिडला, असा सलग तीन ऑलिंपिकमध्ये जिंकला. सापोरोला तो अवघा १९ वर्षांचा होता. आणि तेथे तो झेपेतही पहिला नव्हता, शर्यतीतही पहिला नव्हता. दोहोंची बेरीज केली तेव्हा मात्र त्याच्या पुढे कोणी राहिले नाही. विद्यार्थीमित्रांनो, ही बेरीज जरा लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

आपल्या देशात बर्फ काश्मिरात आहे. गुलमर्गच्या उतारावर स्की शिकलेला आरिफ खान २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला गेला तेव्हा संपूर्ण भारताचा तो एकटाच खेळाडू होता. परंतु त्याचा खेळ डोंगर उतरण्याचा. झेप आणि दम यांची बेरीज करणारा खेळाडू आपल्या महाराष्ट्रात शोधायचा झाला तर तो बर्फावर सापडणार नाही. तो तांबड्या धावपट्टीवर सापडेल. त्याचे नाव अविनाश साबळे आणि त्याचा खेळ स्टीपलचेस.

'स्टीपल' म्हणजे चर्चचा उंच मनोरा. फार पूर्वी आयर्लंडात घोडेस्वार पैज लावीत की, या गावच्या मनोऱ्यापासून त्या गावच्या मनोऱ्यापर्यंत सरळ जायचे. मध्ये कुंपण येवो, ओढा येवो, वळसा घ्यायचा नाही. आपल्याकडे ही पैज लागली असती तर मशिदीच्या मिनारापासून पुढच्या गावच्या देवळाच्या कळसापर्यंत लागली असती आणि मध्ये केळीची बाग आली असती! पुढे माणसे घोड्यावाचून हीच शर्यत धावू लागली. आज ती ३००० मीटरची असते. वाटेत २८ वेळा लाकडी अडथळा ओलांडावा लागतो आणि ७ वेळा अडथळा व त्यापुढचे पाणी, असे एकूण ३५ अडथळे. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर, म्हणजे तीन फूट. पुढचा पाण्याचा खड्डा सुमारे बारा फूट लांब. आपण शाळेत जे हलके अडथळे लावतो ते पाय लागला की पडतात. हे पडत नाहीत. जाड तुळई असते, पाय अडकला तर पडतो तो माणूस. २०२४ साली पॅरिसच्या अंतिम शर्यतीत जागतिक विक्रम नावावर असलेला इथिओपियाचा लमेचा गिरमा असाच अडथळ्यावर आपटला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले.

आता अविनाशकडे येतो.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तेथे १३ सप्टेंबर १९९४ रोजी त्याचा जन्म झाला. तो मुलूख आपणांस सांगायला नको. पाऊस बेताचा, शेती पावसावर, दसरा-दिवाळी उलटली की माणसे ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर. अविनाशच्या आईवडिलांनीही शेतीबरोबर वीटभट्टीवर मजुरी केली. शाळा घरापासून सहा किलोमीटर दूर होती आणि गाडी नव्हती. सहा वर्षांचा असल्यापासून हा मुलगा ते अंतर कधी चालत, कधी पळत तोडीत असे. वर्तमानपत्रे ही गोष्ट मोठ्या कौतुकाने छापतात. मला त्यात कौतुकापेक्षा काळजी अधिक दिसते. सहा किलोमीटरवर शाळा असली की पुष्कळ मुलांची शाळा सुटते, मुलींची तर आधी सुटते. अविनाशची सुटली नाही. तो बारावी झाला, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, ५ महार पलटणीत. खेळाडू म्हणून नव्हे, साधा जवान म्हणून. घरात महिन्याला पगार यावा, एवढाच हेतू. २०१३-१४ मध्ये त्याची नेमणूक सियाचेनला होती. ज्या बर्फाची गोष्ट मी मघाशी सांगितली तो बर्फ अविनाशने असा पाहिला: पट्ट्या बांधून घसरायला नव्हे, बंदूक घेऊन उभे राहायला. तेथे थंडीत पारा शून्याखाली चाळीस अंश आणि त्याहूनही खाली जातो. तेथून राजस्थानच्या वाळवंटात, तेथून सिक्कीमला. वयाच्या विशीपर्यंत या मुलाने कोणतीही मोठी शर्यत धावलेली नव्हती.

२०१५ साली तो सैन्याच्या क्रॉसकंट्री धावण्यात आला. पुढे दुखापत झाली, वजन वाढले, आणि मग त्याने काही महिन्यांत जवळजवळ वीस किलो वजन उतरविले. ज्यांनी कधी वीस किलोची गोणी पाठीवर घेतली असेल त्यांना ही काय चीज आहे ते कळेल. त्याला धावताना सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार पाहत होते. त्यांना वाटले की, हा सरळ धावण्यापेक्षा अडथळ्यांच्या शर्यतीत अधिक शोभेल. २०१७ साली त्यांनी त्याला स्टीपलचेसमध्ये घातले. तेव्हा अविनाश बावीस वर्षांचा होता. या वयात आपल्याकडे मुलाचे काय व्हायचे ते होऊन गेले असे आपण धरून चालतो.

पुढच्याच वर्षी, २०१८ साली, भुवनेश्वरच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ दिली. गोपाळ सैनी यांचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून तसाच होता. सदतीस वर्षे तो कोणाला हलवता आला नव्हता. वर्षभरापूर्वी या खेळात आलेल्या जवानाने तो हलविला.

येथे मी थोडा थांबतो, कारण माझी चूक सांगायची जागा हीच आहे.

मी नोकरीला लागलो त्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही, शाळाही सांगत नाही. अभ्यासात मधला. गणितात काठावर पास, उर्दूत बरा, इंग्रजीत देवाच्या भरवशावर. वडील यंत्रमागावर, घर शाळेपासून बरेच दूर, वस्तीत. रोज पायी येई. क्रीडादिनाची जबाबदारी नवा शिक्षक म्हणून माझ्याकडे आली होती. मैदान लहान, म्हणून आम्ही शंभर मीटर, दोनशे मीटर, पोत्याची शर्यत आणि लिंबू-चमचा एवढेच ठेवले होते. तो मुलगा दोनशे मीटरला चौथा आला. पहिले तिघे गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकीत होते आणि हा उभा होता. नुसता उभा. छातीसुद्धा हलत नव्हती. माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, शर्यत एवढीच का?"

मी हसलो. म्हणालो, "चौथा आलास आणि वर आणखी पाहिजे? जा, बस."

झाले एवढेच. मी रागावलो नाही, मारले नाही, कोणाच्या लक्षातही राहू नये इतकी लहान गोष्ट. पण मी बी.एड. झालेलो होतो. विद्यार्थ्याच्या सुप्त गुणांचे निरीक्षण कसे करावे, यावर परीक्षेत मी चार पाने लिहिली होती. आणि माझ्यासमोर एक मुलगा धाप न लागता उभा राहून, आपल्यात काय आहे ते आपल्या तोंडाने मला सांगत होता. मला ते ऐकू आले नाही, कारण माझ्या कागदावर पहिला, दुसरा आणि तिसरा एवढ्यांच्याच रेघा आखलेल्या होत्या. दहावीला तो इंग्रजीत राहिला. नंतर वडिलांबरोबर मागावर गेला. पुष्कळ वर्षे मला त्याची आठवणही नव्हती. अविनाश साबळेची हकिकत वाचताना ती आली.

आता त्याची बेरीज करून पाहा. दोनशे मीटरला चौथा, अभ्यासात मधला. दोन्ही रकाने निरनिराळे पाहिले तर त्या मुलात काही नाही. वेलिंग झेपेत पहिला नव्हता, शर्यतीत पहिला नव्हता. आमच्या शाळेत असता तर त्यालाही मी "जा, बस" म्हणालो असतो.

असो. अविनाशचे पुढचे सारे सरळ झाले असे समजू नका. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेला तो घोट्याच्या दुखापतीमुळे जाऊ शकला नाही. काही काळ एका परदेशी प्रशिक्षकाकडे गेला, ती पद्धत मानवेना म्हणून पुन्हा अमरीश कुमारांकडे आला. २०१९ साली दोहा येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळाले. त्याच वर्षी त्याच दोहा शहरात जागतिक स्पर्धा झाली. प्राथमिक फेरीत पुढचा धावपटू पडला आणि अविनाश त्याच्यात अडकला. तो घोळक्यातून बाहेर निघून धावला, तरी पात्र ठरला नाही. भारतीय पथकाने तक्रार केली. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि त्याला अंतिम शर्यतीत जागा दिली. तेथे तो तेरावा आला. वेळ ८ मिनिटे २१.३७ सेकंद, ऑलिंपिकसाठी ८ मिनिटे २२ सेकंदांच्या आत यावयाचे होते. अशा रीतीने १९५२ च्या गुलझारा सिंग मान यांच्यानंतर या शर्यतीत ऑलिंपिकला जाणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. तक्रार लिहून देणे हा कमीपणा आहे असे आपल्या पुष्कळ पालकांना वाटते. ती वेळेवर आणि नियमाने केली तर काय होऊ शकते ते येथे दिसते.

कोरोनामुळे लांबलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली त्याने ८ मिनिटे १८.१२ सेकंद, म्हणजे पुन्हा राष्ट्रीय विक्रम केला, आणि तरीही अंतिम फेरी हुकली. त्याचा गट वेगवान होता. दुसऱ्या गटातून त्याच्यापेक्षा जास्त वेळ घेतलेले धावपटू पुढे गेले. परीक्षेत असे झाले असते तर आपण पेपर फेरतपासणीला टाकला असता. येथे नियमच तसा होता, म्हणून तो गप्प घरी आला आणि सरावाला लागला.

मग २०२२ चे वर्ष उजाडले. मे महिन्यात अमेरिकेत त्याने ५००० मीटरचा बहादुर प्रसाद यांचा १९९२ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ही त्याची मुख्य शर्यतही नव्हे. ६ ऑगस्टला बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल स्पर्धेतील स्टीपलचेस होती. या शर्यतीवर केनियाची सत्ता अशी की, १९९८ पासून २०१८ पर्यंत प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत तिन्ही पदके त्यांचीच. शेवटच्या फेरीत केनियाचा अब्राहम किबिवोट पुढे आणि त्याच्या खांद्याशी अविनाश. किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंद, अविनाश ८ मिनिटे ११.२०. आठ मिनिटांहून अधिक धावल्यानंतर फरक सेकंदाच्या विसाव्या भागाचा. टाळी वाजवायला हात एकमेकांकडे नेता, तेवढाही वेळ नाही. सुवर्ण गेले, परंतु केनियाच्या तीन खुर्च्यांपैकी मधली एक आष्टी तालुक्याने घेतली. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

२०२३ साली चीनमध्ये हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धा झाल्या. १ ऑक्टोबरला त्याने ८ मिनिटे १९.५० सेकंदांत स्टीपलचेस जिंकली. सुरुवातीपासून पुढे राहिला आणि शेवटी मागे कोणी जवळ नव्हते. आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्ण भारताला याआधी कधी मिळाले नव्हते. तीन दिवसांनी ५००० मीटरचे रौप्यही त्याने घेतले. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीग शर्यतीत त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांची वेळ दिली. २०१८ च्या भुवनेश्वरपासून मोजले तर राष्ट्रीय विक्रम मोडण्याची ही दहावी खेप. सदतीस वर्षे न हललेला आकडा सहा वर्षांत जवळजवळ एकवीस सेकंदांनी खाली आला. पुढच्याच महिन्यात पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी त्याने गाठली, तेथवर पोचलेला या शर्यतीतला पहिला भारतीय पुरुष. अकरावा आला. त्या शर्यतीचे सुवर्ण मोरोक्कोच्या सुफियान अल बक्काली याने जिंकले. टोकियोचेही त्याचेच होते. केनियाची ऑलिंपिकमधली मक्तेदारी त्यानेच मोडली. हे नाव आपल्या मुलांनी पाठ करायला हरकत नाही. क्रिकेटच्या नावांत एखादे तेही बसेल.

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे अविनाशने आशियाई अजिंक्यपदाचे सुवर्ण मिळविले. त्यानंतर दीडेक महिन्यातच मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला. गुडघ्याचा स्नायुबंध फाटला, शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा बुडाली. वय तेव्हा तीस. मी येथे त्याची जाहिरात करायला आलेलो नाही, म्हणून हेही सांगतो. खेळात असा दिवस येतो. तो आला तेव्हा त्याच्यामागे सैन्यातली नोकरी होती आणि बारावीचे प्रमाणपत्र होते.

समोर बसलेल्या मुलींच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतो आहे की, सर, आमचे काय? नॉर्डिक कंबाइंडमध्ये २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकपर्यंत स्त्रियांना जागा नव्हती. हिवाळी खेळांत स्त्रियांना बंद असलेला तो एकच खेळ उरला होता. स्टीपलचेसचे दार मात्र २००८ साली उघडले आणि त्यातून आपली ललिता बाबर आत गेली. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात मोही तिचे गाव, तोही दुष्काळी मुलूख. ती आधी मॅरेथॉन धावत असे. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती २०१२ पासून सलग तीन वर्षे पहिली आली. पंचविशीत तिने शर्यत बदलली आणि त्याच वर्षी, २०१४ साली, इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत पदक मिळविले. २०१५ साली ती आशियाई विजेती झाली, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठून दहावी आली. पी. टी. उषा यांच्या १९८४ च्या शर्यतीनंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री.

मुलीने धावावे की नाही, असा प्रश्न मला गेल्या वर्षी एका पालकाने विचारला होता. मी त्यांना एवढेच म्हटले की, पैगंबरसाहेब आणि हजरत आयेशा यांच्या शर्यतीची हदीस आपण मौलवीसाहेबांकडून ऐकली असेल. पहिल्या खेपेला हजरत आयेशा पुढे गेल्या होत्या. ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पण मास्तर, मैदानाला कंपाउंड पाहिजे." ही त्यांची अट मला रास्त वाटली. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी ती ऐकली असेलच.

पालकांना आणखी दोन शब्द. "खेळून कुणाचे पोट भरले?" असे आपण विचारता. आपले बरोबर आहे. धावणाऱ्या शंभर मुलांतून पदक एखाद्यालाही मिळेल की नाही सांगता येत नाही, आणि ते मिळेल अशी लालूच मी दाखविणार नाही. पण आपल्या धुळ्यात, आपल्या जळगावात पहाटे रस्त्याच्या कडेने जी पोरे धावताना दिसतात ती पदकासाठी धावत नाहीत. ती सैन्याच्या आणि पोलिसांच्या भरतीसाठी धावतात. धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे, तेथील शिपाई आपण रोज पाहतो. त्या भरतीच्या मैदानावर धावावे लागते आणि लेखी परीक्षेला बसायचे तर पुस्तक वाचलेले असावे लागते. धावणे आणि पुस्तक. हीसुद्धा बेरीजच आहे. त्या पहाटेच्या पोरांत आपल्या मोहल्ल्यातली किती असतात, हे मी मोजले आहे. आकडा येथे सांगत नाही. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी फजरच्या नमाजनंतर घरी जाऊन न झोपता रस्त्यावर यावे.

तो आठवीतला मुलगा मला या उन्हाळ्यात भेटला. म्हणजे मीच शोधत गेलो. बारा तासांची पाळी करून तो बाहेर येत होता, कानांत अजून मागाचा आवाज असल्यासारखा मोठ्याने बोलत होता. मी त्याला ती गोष्ट सांगितली, "जा, बस" वाली. त्याला आठवत नव्हती. म्हणाला, "सर, तुम्ही असे म्हणाला होता?" आणि हसला. त्याला आठवली असती तर मला जरा बरे वाटले असते. मी त्याचे वय विचारले. बावीस. मी त्याला अविनाशचे सांगितले नाही, कारण ज्याच्या घरी चार माणसे खाणारी आहेत त्याला अशी गोष्ट सांगणे सोपे नसते. एवढेच विचारले की, रविवारी सकाळी सुट्टी असते का? असते म्हणाला.

पहिल्या रविवारी तो आला नाही. दुसऱ्या रविवारी पायात रबरी चपला घालून आला. चपला काढून अनवाणी लळिंगच्या रस्त्याने माझ्या मोटारसायकलपुढे धावला. मी मीटर पाहत होतो. आठ किलोमीटरला मी त्याला थांबविले, कारण ऊन चढले होते आणि मला भीती वाटली. तो थांबून माझ्याकडे पाहू लागला. तो पुन्हा तोच प्रश्न विचारणार असे मला वाटले, पण त्याने पाणी मागितले.

संस्थेने परवानगी दिली आहे म्हणून जाहीर करतो. येत्या सोमवारपासून फजरनंतर, साडेसहा वाजता, आमच्या धुळ्याच्या शाळेच्या मैदानावरून लांब पल्ल्याचा सराव सुरू होईल. येथील शाळेसाठी क्रीडाशिक्षकांशी बोलणे झाले आहे. मुलींचा सराव संध्याकाळी शाळेच्या आवारात, बाई बरोबर असतील. फी नाही. बूट नसले तरी चालेल. पुढील वर्षीच्या क्रीडादिनात ३००० मीटरची शर्यत ठेवण्यात येईल आणि तिच्यात पहिल्या तिघांबरोबर, शेवटच्या रेघेवर ज्याला सर्वांत कमी धाप लागली असेल त्याचेही नाव मी लिहून घेणार आहे. नावे माझ्याकडे किंवा वर्गशिक्षकांकडे द्यावीत. आता बक्षिसे वाटण्यास हरकत नाही.

खुदा हाफिज.